डब्ल्यूच्या मागे कोण?

शिकवायला लागलं की आपल्याजवळ उत्तरं साठत जातील, असं मला वाटायचं. साठतात ते किस्से! उत्तरं मुलं घेऊन जातात, फळा रोज पुसला जातो, आणि किस्से मात्र कोपऱ्यात टाकलेल्या मासे धरायच्या जाळ्यांसारखे एकावर एक पडून राहतात. एक ओढावा तर त्यात गुंतलेला दुसरा आपोआप बाहेर येतो.

आमच्या वर्गात खरोखरच जाळी आहेत. गावातल्या मासेमार सोसायटीने आम्हाला आपली खोली दिली, तिच्या एका भिंतीला जाळी टांगलेली आणि दुसऱ्या भिंतीला काळा रंग मारून केलेला फळा. मी पुण्याला आणि मग दिल्लीला शिकून चंद्रपूर जिल्ह्यातल्या या आमच्या गावी परत आले, तेव्हा जो भेटेल तो एकच विचारायचा, "काऊन वापस आली?" त्याचं उत्तर मी तेव्हाही देत होते आणि आजही देते. आमच्या जंगलाचा पहारा करायला बाहेरून भरती होऊन माणसं येतात, आणि याच जंगलात वाढलेली मुलं लेखी परीक्षेत रीझनिंगपाशी अडकतात. अक्कल कमी म्हणून नाही, सराव कमी म्हणून. हे मला सहन होत नव्हतं. अजूनही होत नाही.

आता हे किस्से मी हसत सांगते. घडत होते तेव्हा आम्ही कोणीच हसत नव्हतो.

* * *

पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: A, C, F, J, ?

वळून पाहिलं तर खोलीत मयताच्या घरासारखी शांतता! दिलीप नावाचा उंचापुरा मुलगा होता. गडचिरोलीच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणीत पहिल्या फळीत आलेला आणि लेखीत पडलेला. तो हात वर करून म्हणाला, "ताई, पळायचं सांगा. आत्ता बांधापर्यंत पळून वापस येतो. हे एबीसीडी नका सांगू."

एक जण पाणी प्यायला म्हणून उठला, तो दुसऱ्या दिवशी परत आला!

मागच्या सतरंजीवर रत्नाचे ओठ हलत होते. रत्ना माझ्याच टोलीवरची, म्हणजे तलावापलीकडच्या आमच्या वस्तीतली, आमच्या मागच्या घरातली. तिला वनरक्षक व्हायचं होतं, दुसरं काही नाही. आधी दोनदा थोडक्यात हुकलं होतं, आणि वयाच्या अटीप्रमाणे ही तिची शेवटची भरती होती. पुढच्या जाहिरातीला तिला फॉर्मसुद्धा भरता येणार नव्हता.

"रत्ना, मोठ्यानं बोल ना."

"नाई ताई. चुकलं तर?"

"चुकलं तर काय होईल? आपणच तर आहोत इथे."

ती खाली बघत हळूच म्हणाली, "निगेटिव्ह मार्किंग."

मी मार्कच देत नव्हते! आणि उत्तर तिला आलेलं होतं. दोन घरं पुढे, मग तीन, मग चार, आता पाच. ओ.

* * *

लेटर सिरीज सोडवणाऱ्याला पाच अक्षरं तोंडपाठ लागतात: ई, जे, ओ, टी, वाय. पाचवं, दहावं, पंधरावं, विसावं, पंचविसावं. या पाच खुंट्या पक्क्या असल्या की मधलं कुठलंही अक्षर चटकन सापडतं. सगळीकडचे क्लासवाले ते एका दमात "ईजोटी" असं शिकवतात. मीही तसंच शिकवलं.

आठवड्याभरात रत्नाची आई, शेवंताकाकू, मला हातपंपावर गाठून कानाशी आल्या. "बाई, पोट्टी भाकरी थापता थापता काय पुटपुटते? ईजोटी, ईजोटी. कोनी काई केलं तर नाई ना तिले?"

"काकू, तो अभ्यास आहे. रीझनिंग."

काकूंचा विश्वास बसला नाही. 

मग एके दिवशी त्या वावरातून एकट्याच येत होत्या. मोहाच्या झाडांमागे पाचोळा वाजला. पळायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण चालायला तरी पाय उचलायला हवा ना! काकू जागच्या जागी गारठल्या. देवाचं नाव आठवेना. जे आठवलं ते मोठमोठ्यानं म्हणत त्या थेट टोलीपर्यंत आल्या.

"ईजोटी, ईजोटी म्हनतच आली बाप्पा! रानडुक्कर होतं. माह्या आवाजानं पळालं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा हातपंपावर गाठलं. "पुढचं कधी शिकवशीन?"

* * *

आता वाटेचं सांगते, कारण खरी भीती तिथे होती.

आमची टोली तलावाच्या पलीकडे. तिथून गावात यायचं तर आधी तलावाचा बांध, मग सागाचं जंगल, मग डांबरी रस्ता. वर्ग दुपारनंतर भरायचा आणि दिवस बुडायच्या आत आम्हाला टोलीवर पोचावं लागायचं. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावातली एक बाई सरपणाला गेली ती परत आली नाही. तेव्हापासून उन्हं कलली की वाघाचं नाव कोणी घेत नाही. 'तो' म्हणतात. 'तो' म्हटलं की लहान पोरालाही कळतं.

मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायकांची एक पद्धत आहे. खाली वाकून वेचताना मधूनमधून एकमेकींना हाक द्यायची. जिची हाक येणार नाही, तिच्याकडे सगळ्यांनी वळायचं. टोलीवरून आम्ही सहा जण जायचो, मी, रत्ना, दिलीप धरून, आणि आम्हीही तसंच ओरडत जायचो. रत्नाच एकदा म्हणाली, "ताई, हाका माराच लागते तर एबीसीडीच्या मारू ना. तेवढीच रिव्हिजन!"

झालं! पुढच्याने किती घरं सोडायची ते सांगायचं आणि पहिलं अक्षर ओरडायचं. मागच्याने पुढचं अक्षर. असं शेवटपर्यंत, की पुन्हा पहिल्यापासून. एखादं अक्षर आलं नाही, तर थांबायचं, वळायचं, एकत्र व्हायचं, पळायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी पाच-पाच घरांची सिरीज होती. सी, एच, एम, आर. रत्ना डब्ल्यू म्हणाली. तिच्या मागे, सगळ्यात शेवटी, दिलीप.

काही नाही.

फक्त सागाची वाळकी पानं वाजत होती. रत्नाने मागे न बघताच माझा हात घट्ट धरला. तिची नखं रुतली ते मला घरी गेल्यावर कळलं. आम्ही वळलो. काठ्या वर झाल्या. रत्नाने सारं जंगल दुमदुमेल असं ओरडून विचारलं, "दिलीप!"

दिलीप वाटेवरच उभा होता. बोटं मोजत!

"थांबा ना बे! डब्ल्यूच्या पुढं पाच घरं... झेड संपून गेलं, आता वापस एपासून मोजून राह्यलो!"

त्या दिवशी मी विद्यार्थ्याला पहिल्यांदा मारलं असतं. रत्ना मटकन खाली बसली आणि म्हणाली, "बी आहे ते, गाढवा."

दुसऱ्या दिवसापासून दिलीपला सगळ्यात पुढे ठेवलं.

* * *

आमच्या बीटचे, म्हणजे जंगलाच्या आमच्या भागाचे, वनरक्षक एकदा वर्गात आले. नवे होते, अंगावरचा गणवेश अजून कडक. तलावाच्या बाजूला पिल्लं असलेली वाघीण फिरते आहे, एकट्याने जाऊ नका, अंधार पडायच्या आत घरी पोचा, हे सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं.

मला वाटलं होतं, मुलं पगार विचारतील. रत्ना उभी राहिली.

"साहेब, तुमाले भेव वाटते का?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर त्यांची मोटारसायकल उभी होती आणि त्यांना त्याच वाटेने पुढे जायचं होतं.

"वाटते," ते म्हणाले.

"मंग भरतीत हे काऊन नाई विचारत? एबीसीडीच काऊन विचारते?"

"हे विचारलं असतं," ते हेल्मेट उचलत म्हणाले, "तर डिपार्टमेंट रिकामंच राह्यलं असतं!"

सगळे हसले. ते गेल्यावर मोटारसायकलचा आवाज जंगलात जाईपर्यंत आम्ही ऐकत बसलो. सिरीज कोणीच सोडवली नाही.

* * *

मग बांधावरच्या ओल्या मातीत पंजे उमटले. आमच्या चपलांच्या ठशांवर.

रत्नाचे वडील, सदाशिवकाका, तलावात जाळी टाकतात. त्यांनीच ते पहाटे पाहिले. बोलणारा माणूस नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, "क्लास बंद."

"बाबा, माही शेवटची भरती आहे."

"जीव गेल्यावर सरकार नोकरी कोनाले देते? तुह्या फोटोले?"

मी समजवायला गेले. मी पुण्यात भाषणं केलेली मुलगी! शिक्षण, हक्क, आपलं जंगल, आपली माणसं, सगळं बोलले. काका जाळ्याचा फाटका भाग विणत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, तुह्याबी बापानं तुले एवढं शिकवलं ते याच्यासाठीच का?" 

रत्ना रडली नाही. वडिलांसमोर बसून जाळ्याचं दुसरं टोक धरून म्हणाली, "तुमी तं रोज पहाटे त्याच तलावावर जाता."

"म्या वेगळा."

"काऊन वेगळे?"



दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळेला आम्ही निघालो, रत्नाशिवाय. बांधाच्या तोंडाशी काका काठी घेऊन उभे, शेजारी रत्ना. "चाला," ते म्हणाले. "म्या मागं राहीन. मागंच पाहा लागते."

आता अडचण अशी की काकांना एबीसीडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "मले एकच सांगा. तेवढंच म्हनीन."

"काका शेवटी आहे, मंग झेडच!" दिलीप म्हणाला.

पण सिरीज रोज बदलायची आणि झेड रोज सातव्या माणसावरच यायला हवं! मग मुलं उलटी मोजायला लागली. झेडपासून तीन-तीन घरं मागे गेलं की सुरुवात एचवर: एच, के, एन, क्यू, टी, डब्ल्यू, झेड. चार-चार मागे गेलं की बीवर: बी, एफ, जे, एन, आर, व्ही, झेड. ज्यांना पुढे मोजता येत नव्हतं, ती महिन्याभरात मागे मोजण्यात पटाईत झाली. एकदा दिलीपने स्वतः अंतर एक, दोन, तीन असं वाढवत आणलं: ई, एफ, एच, के, ओ, टी... आणि मागून काकांचा आवाज, "झेड!" तलावातले बगळे उडाले. मी दिलीपची पाठ थोपटली.

काका मात्र नाराज. "रोज माह्यावरच येऊन थांबते," ते म्हणाले. "सोपाच दिसते तुमचा पेपर!"

* * *

भरतीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. सराव म्हणून मी सगळ्यांना तालुक्याच्या गावी फिरोजभाईंच्या सेंटरवर नेलं. फिरोजभाई वडिलांच्या शिलाईच्या दुकानात अर्ध्या जागेत कॉम्प्युटर मांडून बसतात. मशीनची खडखड एकीकडे, माऊसची टिकटिक दुसरीकडे. आमच्या मुलांकडून ते फक्त चहा पिऊन घेतात.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल घड्याळ उलटं पळायला लागलं आणि रत्ना थिजली. एक प्रश्न सोडवायची आणि मान वळवून मागे बघायची. पुन्हा एक प्रश्न, पुन्हा मागे. अर्धा पेपर असाच गेला. वाटेवर तिच्या मागून रोज आवाज यायचा. इथे येत नव्हता.

शेवटी फिरोजभाई खुर्ची सरकवून उठले. "बेटा, मागे काय पाहून राह्यली? मागे दीवार आहे."

रत्नाने पुन्हा वळून भिंत नीट पाहिली.

"दीवारच आहे ना, चाचा? मंग ठीक आहे."

पुढचा सगळा पेपर तिने भिंतीला पाठ टेकवून सोडवला आणि त्या दिवशी वर्गात पहिली आली! फिरोजभाई खूश. मी नव्हते. खऱ्या परीक्षेत खुर्ची आपल्याला निवडता येत नाही.

* * *

आता शेवटचा. रत्नाचा निकाल अजून लागायचा आहे, त्यामुळे तेवढं विचारू नका.

परीक्षा चंद्रपूरला, सकाळच्या पाळीत. म्हणजे पहिली एसटी धरायची, आणि त्यासाठी उजाडता उजाडता जंगलातून निघायचं. एरवी त्या वेळी आमच्याकडे कोणी त्या वाटेला पाऊल टाकत नाही. आदल्या दिवशी गावात जाऊन राहायचं ठरलं होतं, पण वादळी पावसाने बांधावर पाणी चढलं आणि आम्ही टोलीतच अडकलो. पहाटे पाणी उतरलं. रत्ना आधीच तयार होती, छातीशी हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट धरलेलं.

धुकं इतकं की पुढच्याची पाठ तेवढी दिसायची. दिलीप पुढे, मी पाचवी, माझ्या मागे रत्ना, तिच्या मागे काका. तीन-तीन घरांची सिरीज.

एच. के. एन. क्यू. टी. डब्ल्यू. झेड.

बांध ओलांडला. सागात शिरलो. पुन्हा पहिल्यापासून. डब्ल्यू, रत्ना म्हणाली.

मागून काही आलं नाही.

आम्ही थांबलो.  मग काकांचा आवाज आला, अगदी हळू. "चाला. थांबू नका."

"बाबा?"

"मागं पाहू नको. चाल."

आम्ही चाललो. पुन्हा एच, के, एन. आवाज सगळ्यांचे फाटलेले. डब्ल्यू म्हणताना रत्ना अडखळली. मागे पुन्हा शांतता, आणि मग जमिनीवर काठी आपटल्याचा आवाज. एकदा. थांबून पुन्हा. तो आवाज जितका जवळून यायला हवा होता तितका जवळून येत नव्हता. काका मागे पडत होते.

रत्ना थांबली तसं मी तिचा दंड धरून पुढे ओढलं. ती ओढली गेली, पण मान मागे. "बाबा, झेड म्हना ना," ती रडत म्हणत होती. "झेड म्हना ना!"

डांबरी रस्ता आला. आम्ही सहा जण एकमेकांना धरून उभे होतो. वाट धुक्यात पांढरी. काठीचा आवाज थांबला होता.

मग धुक्यातून काका बाहेर आले. आमच्याकडे पाठ करून. एकेक पाऊल मागे टाकत, काठी दोन्ही हातांनी समोर धरून, ते उलटे चालत आले. पायाला डांबर लागलं तेव्हाच वळले.

"काय होतं?" दिलीपने विचारलं.

"काई नाई. गाडी आली का?"

एसटीचे दिवे दिसले. गाडी थांबली. दिलीप चढला, बाकीची चढली, मी चढले. रत्नाने पायरीवर पाय ठेवला आणि वळली.

"तुमी एकटे कसे जान?"

"म्या जातो. उजाडतेच आता."

"त्याच वाटेनं?"

"जाळं टाकून आहे तलावात. चढ तू."

रत्ना खाली उतरली.

"चढ म्हनतो ना!" काका ओरडले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा ओरडले. "ही गाडी सुटली तं तुही उमर सुटली! पुन्हा कोनी बोलावनार नाई तुले!"

"नको बोलावू दे. एकट्यानं नाई जायचं, असंच ठरलं होतं ना?"

कंडक्टरने बेल वाजवली. "अहो, चढा, नाईतर बाजूला व्हा!" दिलीप गाडीतून उडी मारून खाली आला आणि रत्नाशेजारी उभा राहिला. त्याच्या मागून बाकीचे. मग मीही. इंजिन घरघरत होतं. ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. ज्या परीक्षेसाठी वर्षभर ते जंगल जीव मुठीत धरून ओलांडलं, ती आमच्यासमोर दार उघडं ठेवून उभी होती आणि आम्ही सगळे खाली.  रत्नाने हॉलतिकीट पिशवीसकट घडी घालून ओच्यात खोचलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग वळून वाटेकडे पाहिलं.  

"मलेबी भेव लागते, पोरी," ते म्हणाले.

आणि आमच्या सगळ्यांच्या आधी तेच गाडीत चढले.

अंगावर बंडी, कमरेला ओला पंचा, हातात काठी. पहिल्याच सीटवर बसले. आम्ही मागोमाग चढलो, सगळ्यात शेवटी रत्ना. तिने दार ओढून घेतलं. गाडी निघाली. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"परीक्षेले ना सारे?"

"हे पोट्टे," काका म्हणाले.

"अन् काका, तुमी?"

काकांनी काठी पायांमध्ये उभी धरली. मागे सरकत जाणाऱ्या सागाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"माही झाली," ते म्हणाले. "आत्ताच देऊन आलो."